घराची प्रतवारी : ऊन, वारा आणि विजेचे युनिट



या मालेला वसंत व्याख्यानमाला म्हणतात खरे. पण कार्यक्रमपत्रिकेचा पंखा करून वारा घेत बसलेल्या मंडळींना यात वसंत किती आणि ग्रीष्म किती, हे आम्ही सांगायला नको. तेव्हा आजचा विषय उकाड्याचा आहे याबद्दल कुणाची हरकत नसावी. हरकत असलीच तर वक्त्याबद्दल असेल. घराची ऊर्जा-प्रतवारी हा इंजिनिअरांचा प्रांत. त्यात युनियनचा माणूस कशाला, असे कुणी मनात म्हणत असेल तर तो प्रश्न रास्त आहे. आमची शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण पगारवाढीच्या बैठकांत आणि लवादापुढे झाले. ज्या आकड्यावर माणसाचे सुखदुःख ठरते तो आकडा कुणी काढला, कशावरून काढला आणि काढताना काय वगळले, हे विचारायची खोड आम्हांला तिथे लागली.

ती खोड लावली महागाई निर्देशांकाने. मुंबईच्या गिरणी कामगाराचा महागाईभत्ता कितीतरी वर्षे १९३४ च्या पायावर काढलेल्या निर्देशांकावर ठरत असे. बाजारात भाव चढत आणि कागदावरचा आकडा मात्र हलत नसे. शेवटी १९६३ साली असंतोष इतका वाढला की सरकारला प्रा. डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची समिती नेमावी लागली, आणि निर्देशांकात दोष आहेत असे त्या समितीलाही आढळले. टोपलीत कोणत्या वस्तू घातल्या यावर बेरीज ठरते, हा धडा आमच्या चळवळीने तेव्हा घेतला. आज घरांना तारे देण्याची गोष्ट निघाली आहे, तेव्हा आम्ही तीच टोपली पुन्हा उघडून पाहणार आहोत.

तारे तुम्हांला ठाऊक आहेत. फ्रिजवर असतात, वातानुकूलन यंत्रावर असतात. केंद्र सरकारचा ऊर्जा दक्षता ब्यूरो ते देतो. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्याने हा ब्यूरो निघाला, २००६ पासून उपकरणांवर तारे आले, आणि २०१९ साली राहत्या घरांनाही एक ते पाच तारे देण्याची योजना जाहीर झाली. ती ऐच्छिक आहे. घराला वर्षाकाठी दर चौरस मीटरला किती युनिट वीज लागेल याचा हिशेब मांडायचा. आकडा जितका लहान तितके तारे अधिक. ऐकायला हे अगदी न्याय्य वाटते.

ही कल्पना मुळात थंड मुलखातली आहे. युरोपीय संघाने २००२ साली इमारतींच्या ऊर्जा-प्रमाणपत्राचा दंडक काढला, तो तिकडच्या हिवाळ्याकडे पाहून. तिथे घर उबदार ठेवल्याशिवाय माणूस जगत नाही. गरीब असो, श्रीमंत असो, शेगडी पेटवावीच लागते. म्हणून ज्या घराला इंधन कमी लागते ते घर चांगले, हा हिशेब तिकडे बहुतांशी खरा ठरतो. घर घट्ट बंद करा, भेगा बुजवा, गुण वाढतात.

आमच्याकडे गोष्ट उलटी आहे. २०१९ साली केंद्र सरकारने भारताचा शीतकरण कृती आराखडा प्रसिद्ध केला. वातानुकूलन यंत्र असलेली घरे शंभरात सुमारे आठ, असे त्यातच म्हटले आहे. त्यानंतर काही भर पडली असेल. तरी बहुसंख्य घरांत उकाड्यावर उपाय म्हणजे पंखा, खिडकी, ओला टॉवेल आणि गच्ची. अशा घरात वीज कमी जळते याचे कारण घर चांगले आहे हे नसून यंत्र घ्यायची ऐपत नाही, हे आहे. बिल लहान आणि आतला माणूस भाजतो आहे. या घराला पाच तारे द्यायचे काय?

दर चौरस मीटरच्या भागाकाराचा आणखी एक गुण पाहा. मुंबईच्या बी.डी.डी. चाळीतील खोली १६० चौरस फुटांची, म्हणजे सुमारे १५ चौरस मीटर. समजा तीत पाच माणसे राहतात आणि महिन्याला ७५ युनिट वीज जळते. पंखा, दिवे, दूरदर्शन, लहानसा फ्रिज. वर्षाचे ९०० युनिट झाले. १५ ने भागा, आकडा येतो ६०. आता ११०० चौरस फुटांचा फ्लॅट घ्या, तीन माणसांचा, महिन्याला ३०० युनिटांचा. वर्षाचे ३६०० युनिट, क्षेत्र १०२ चौरस मीटर. आकडा येतो ३५. चाळकरी उधळे ठरले आणि फ्लॅटवाले काटकसरी! तेच माणशी काढा : खोलीत १८०, फ्लॅटमध्ये १२००. हे आकडे आम्ही उदाहरणासाठी घेतले आहेत, कुणाच्या बिलावरून नव्हे; पण भागाकाराची रीत खरी आहे. फ्रिज लहान घरातही तेवढीच वीज खातो, आणि जागा मात्र छेदात कमी पडते. भाजकापाशी गफलत होते हे आमच्या क्षेत्रातील जुन्या कार्यकर्त्यांना सांगावे लागत नाही.

तर मग घर कशाने मोजायचे? आमचे म्हणणे एवढेच की, कोणतेही यंत्र न लावता, भर वैशाखात, त्या घरातल्या सर्वांत वाईट खोलीत, सर्वांत वाईट वेळी माणसाला किती उकडते, हे आधी मोजा. युनिट नंतर मोजा. आणि हे मोजता येते. ते कसे, यासाठी आता थोडे शास्त्रात शिरले पाहिजे.

आमच्या लोकांना पारा ठाऊक असतो. आज बेचाळीस, उद्या त्रेचाळीस. पण अंगाला जो ताप होतो तो एकट्या हवेचा नसतो. त्यात तीन गोष्टी मिसळलेल्या असतात. हवेतील दमटपणा ही एक. घाम वाळला नाही तर अंग निवत नाही. भोवतालच्या भिंतींची आणि छताची धग ही दुसरी. वारा ही तिसरी. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेत एम. आर. शर्मा आणि शराफत अली या दोघा संशोधकांनी या तिन्हींची सांगड घालून एक आकडा बसवला. तो १९८६ साली प्रसिद्ध झाला, आणि त्याला उष्ण कटिबंधाचा उन्हाळी निर्देशांक म्हणतात. (निर्देशांक म्हटल्यावर आमचे कान टवकारले, हे उघडच आहे.) त्याचे सूत्र फारसे अवघड नाही. ओल्या फडक्याच्या थर्मामीटरचे माप घ्या आणि ०.३०८ ने गुणा. काळ्या पोकळ गोळ्यात बसवलेल्या थर्मामीटरचे माप ०.७४५ ने गुणा. दोन्ही मिळवा, त्यात ०.८४१ घाला, आणि वाऱ्याचा वेग सेकंदाला जितके मीटर असेल त्याचे वर्गमूळ काढून त्याची २.०६ पट वजा करा. येणारा आकडा २५ ते ३० च्या दरम्यान असला तर बहुतेकांना बरे वाटते, साडेसत्तावीस उत्तम.

या सूत्रात संसार भरलेला आहे. वारा शून्यावरून सेकंदाला एक मीटर झाला की ताप दोन अंशांनी उतरतो. पंख्याची कमाई म्हणायची ती हीच. आता दुसरी बाजू पाहा. काळा गोळा हा नुसती हवा मोजत नाही, छताची धगही पितो. समजा वरच्या मजल्यावरचा स्लॅब तापला आणि त्या धगीने गोळ्याचा पारा तीन अंश चढला. तर निर्देशांक सव्वादोन अंशांनी वाढला. म्हणजे पंख्याने जे दिले ते स्लॅबने खाल्ले. वरच्या मजल्यावरचे भाडेकरू पंखा चालू असूनही नुसता गरम वारा येतो म्हणून कुरकुरतात, तेव्हा खालच्या मजल्यावरच्यांना ते नाजूक वाटतात. त्यांचे म्हणणे सूत्रात बसते.

छताचे महत्त्व आमच्या अक्षांशावर विशेषच. युरोपात सूर्य दक्षिणेकडून तिरपा येतो, म्हणून तिकडच्या पुस्तकांत दक्षिणेच्या भिंतीचे कौतुक असते. सोलापूर, पुणे, मुंबई येथे मे महिन्याच्या मध्याच्या आसपास दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्या दिवसांत भर दुपारी भिंतींना ऊन जेमतेम चाटून जाते आणि सगळा मारा छतावर. दुपार कलली की पश्चिमेची भिंत सापडते. छत आणि पश्चिम, आमचे दोन शत्रू हे.

उष्णता पदार्थातून किती झरझर जाते याचे माप असते, त्याला यू-मूल्य म्हणतात. एक चौरस मीटर भिंत, बाहेर-आत एका अंशाचा फरक. तेवढ्यात किती वॅट उष्णता पलीकडे जाते तो आकडा. लहान तितका चांगला. पत्र्याचे छप्पर सहाच्या आसपास येते. उघडा काँक्रीटचा स्लॅब साडेतीनच्या आसपास. नऊ इंची विटांची, दोन्हीकडून गिलावा केलेली भिंत सुमारे २.४. सच्छिद्र हलक्या ब्लॉकची, ज्यांना आमचे गवंडी सिपोरेक्स म्हणतात त्यांची आठ इंची भिंत सुमारे ०.७७. आणि सहा इंची काँक्रीटची भिंत सुमारे ३.८. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा. त्याच्याकडे आपल्याला परत यायचे आहे.

डिसेंबर २०१८ मध्ये ब्यूरोने घरांसाठी इको-निवास संहिता काढली. ताऱ्यांपेक्षा आम्हांला ही संहिता अधिक मोलाची वाटते, कारण ती बिलाविषयी बोलत नाही. भिंत, छत आणि खिडकी यांविषयी बोलते. तिच्यात छताचे यू-मूल्य १.२ पेक्षा जास्त नसावे, असे आहे. म्हणजे साडेतीनचा उघडा स्लॅब सरळ नापास. भिंती व खिडक्या मिळून उन्हाळ्यात सरासरीने दर चौरस मीटरमधून किती उष्णता आत येते, त्याचाही एक आकडा काढायचा असतो. त्याला आर.ई.टी.व्ही. म्हणतात. हे नाव आणि ही रीत सिंगापूरकरांनी आधी वापरली; ते तर विषुववृत्ताच्या शेजारीच राहतात. तिकडे मर्यादा २५ वॅटची होती, आपल्या संहितेने थंड प्रदेश सोडून इतरत्र ती १५ ठेवली आहे.

हा आकडा आम्ही कागदावर स्वतः काढून पाहिला. गुणाकार-बेरजेपलीकडे त्यात काही नाही, तेव्हा तुम्हीही काढू शकता. उष्ण-कोरड्या प्रदेशासाठी संहितेने तीन गुणक दिले आहेत. भिंतीतून येणाऱ्या उष्णतेला ६.०६, काचेतून नुसत्या तापमानाच्या फरकाने येणारीला १.८५ आणि काचेतून थेट आत शिरणाऱ्या उन्हाला ६८.९९. हा तिसरा गुणक पाहा. काचेतून आत आलेले ऊन किती महाग पडते हे त्याने एका ओळीत सांगितले. तरीही गावोगाव काचेच्या दर्शनी भिंती उभ्या राहत आहेत, यावर आम्ही अधिक बोलत नाही. आता एक इमारत घ्या. बाहेरच्या भिंतीचा १५ टक्के भाग साध्या काचेच्या खिडक्यांचा, छज्जा नाही, चारी दिशा सरासरीने धरल्या. काचेचा वाटा दोन्ही मिळून साडेदहाच्या जवळ येतो. सिपोरेक्सची भिंत चार घालते. बेरीज साडेचौदाच्या आत, काठावर पास. विटांची भिंत साडेबारा घालते, बेरीज तेवीस. काँक्रीटची भिंत साडेएकोणीस घालते, बेरीज तीस. मर्यादेच्या दुप्पट!

आता काँक्रीटच्या भिंतीकडे परत येऊ. गेल्या काही वर्षांत स्वस्त घरांच्या मोठमोठ्या योजना अ‍ॅल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकदमच ओतण्याच्या रीतीने होत आहेत. बांधकामावरचे लोक तिला मायवान म्हणतात. काम झटपट होते, गवंडी कमी लागतात, घर मजबूत असते, गळत नाही. झोपडीतून आलेल्या कुटुंबाला हे थोडे नव्हे, आणि या रीतीविरुद्ध आमचा सरसकट आक्षेप नाही. पण उष्णतेच्या दृष्टीने यादीतली सर्वांत वाईट भिंत नेमकी ज्यांच्याकडे यंत्र नाही त्यांच्या वाट्याला येते. याच भिंतीला बाहेरून उष्णतारोधक थर दिला, पांढरा रंग दिला, खिडकीवर पुरेसा छज्जा काढला, तर आकडा खाली येतो. खर्च वाढतो, हे खरे. तो खर्च बांधतानाच करायचा, की पुढे चाळीस वर्षे राहणाऱ्याने विजेच्या बिलातून आणि झोपेतून फेडायचा, एवढाच निवडीचा प्रश्न आहे. आणि राहणाऱ्याला तो कुणी विचारत नाही.

खिडकीची कथा निराळी. ऊन नको, वारा हवा. आणि खिडकी एकच. संहितेने उघडणाऱ्या भागाचे चटईक्षेत्राशी प्रमाण सांगितले आहे. मुंबई-कोकणासारख्या उष्ण-दमट प्रदेशात ते निदान सहावा हिस्सा असावे, उष्ण-कोरड्या प्रदेशात दहावा. ३०० चौरस फुटांच्या घराचा सहावा हिस्सा म्हणजे ५० चौरस फूट. आता आपली सरकती अ‍ॅल्युमिनियमची खिडकी घ्या. चार फूट बाय चार फुटांच्या दोन खिडक्या, म्हणजे ३२ चौरस फूट. पण सरकत्या खिडकीचा एक पल्ला दुसऱ्यामागे जातो, अर्धी खिडकी कायम बंदच राहते. म्हणून संहिता ती निम्मीच धरते. उरले १६. बाहेरच्या मार्गिकेत उघडणारा दरवाजा यात मोजता येत नाही. हवा पन्नासांतून यायला हवी ती सोळांतून येते. जुनी बिजागरीची खिडकी जवळजवळ सगळी उघडते, ती नव्वद टक्के धरली जाते. पण ती वाऱ्याने आपटते, पावसात फुगते आणि फ्लॅटच्या जाहिरातीत शोभत नाही. एवढ्यासाठी ती गेली.

मुंबईतील झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींवर अभ्यास झाले आहेत. उंच इमारती एकमेकींना खेटून, मधली मार्गिका अंधारी, वारा एकाच बाजूने. त्यामुळे माणसे पक्क्या घरात गेली आणि त्यांचा विजेवरचा भार वाढला, असे त्यांतून दिसून आले आहे. हे जेव्हा आम्ही सभेत सांगतो, तेव्हा कुणीतरी उठून विचारतो की मग काय झोपडीतच राहायचे? मुळीच नाही. पत्र्याखालची झोपडी ही काही शीतगृह नव्हे. पक्के घर हा हक्क आहे. ते पक्के घर भट्टी नसावे, एवढेच आमचे मागणे आहे.

जुन्या घरांविषयीही आम्ही उगाच गळा काढणार नाही. सोलापूर-मराठवाड्याकडची माळवदे आठवा : जाड मातीच्या भिंती, तुळयांवर फळ्या आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. दिवसाचे ऊन त्या मातीतच अडकून राहते, आणि ते आत पोहोचेपर्यंत रात्र झालेली असते. तोवर घरचे लोक माळवदावर झोपायला गेलेले असतात. कोरड्या मुलखात ही युक्ती उत्तम. हेच घर रत्नागिरीत बांधाल तर फसाल, कारण तिथे रात्री हवा फारशी निवत नाही आणि घामच वाळत नाही. तिथे उतरते कौलारू छप्पर, वर पोटमाळा, बाजूंना पडवी, कौलांच्या फटींतून निघून जाणारी गरम हवा. म्हणजे एका राज्यात दोन पाठ. माळवदाला पावसाळ्यात गळती आणि दर वर्षी माती, कौलांना दर वर्षी शाकारणी; हे कष्ट कुणाच्या वाट्याला येत ते घरातल्या बायकांना विचारावे. पण प्रदेशाप्रमाणे गुणांची रीत बदलली पाहिजे हा त्या घरांचा पुरावा खोटा नाही, आणि संहितेने देशाचे पाच हवामान-विभाग केले आहेत ते योग्यच केले आहे.

ऑस्ट्रेलियात हा वाद आपल्या आधी झाला. तिकडे घरांना शून्य ते दहा तारे मिळतात, ते घर तापवायला व निववायला लागणाऱ्या ऊर्जेवरून. उत्तरेच्या उष्ण डार्विन शहरातील खांबांवर उभारलेली, झडपांच्या खिडक्यांची, चोहीकडून वारा घेणारी घरे या मोजणीत मागे पडतात आणि बंद पेट्यांसारखी घरे पुढे जातात, अशी तिकडच्या जाणकारांची तक्रार राहिली आहे.

प्रतवारीच्या हिशेबात घरात कोण, केव्हा असतो हेही धरावे लागते. साधारण समजूत अशी की, माणसे रात्री झोपतात आणि दिवसा कामाला जातात. इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव येथील यंत्रमागांवर रातपाळी करणारा माणूस सकाळी घरी येतो आणि बाहेर पारा चाळिसाकडे चढत असताना झोपायचा प्रयत्न करतो. त्याची रात्र म्हणजे आपली दुपार. सोलापूरच्या विडी कामगार बायका तर घरातच दिवसभर विड्या वळतात. घर हाच त्यांचा कारखाना. त्यातही गंमत अशी की पान वाळू नये, तंबाखू उडू नये म्हणून पंखा जपून लावावा लागतो. म्हणजे वर सांगितलेले पंख्याचे दोन अंशही गेले. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तेराव्या कलमात कारखान्याच्या भिंती आणि छप्पर अशा सामानाचे व अशा रचनेचे असावे की, आतली उष्णता शक्य तितकी कमी राहील, असे लिहिले होते. तो विषय आज नव्या कामगार संहितेकडे गेला आहे. पण कारखान्याच्या छपराला जे कलम १९४८ साली मिळाले ते विडीवालीच्या छपराला मिळालेले नाही. सोलापूरजवळ कुंभारी येथे असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांची रे नगर वसाहत झाली. त्यांपैकी १५,००० घरांचा ताबा जानेवारी २०२४ मध्ये दिला गेला. एवढ्या संख्येने घरे होतात तेव्हा छताच्या एका थराचा निर्णय म्हणजे लाखभर माणसांच्या झोपेचा निर्णय असतो, म्हणून या गोष्टींत संघटनेने नाक खुपसलेच पाहिजे असे आम्ही म्हणतो.

आणखी एका धोक्याकडे लक्ष वेधले पाहिजे. सुखाचे तापमान किती, याचे पाश्चात्त्य दंडक आपल्याला तंतोतंत लागू नाहीत, हे अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले. पाच शहरांतील सोळा कार्यालयांत सहा हजारांवर जबाब घेऊन त्यांनी एक सूत्र बसवले. खिडक्या उघड्या ठेवणाऱ्या इमारतीत, बाहेरची सरासरी ३० अंश असेल तर माणसांना सुमारे २९ अंश सुखाचे वाटते, असे ते सांगते. पुढे घरांविषयीही असा अभ्यास झाला. काम मोलाचे आहे. सगळा देश २२ अंशांवर गोठवायची गरज नाही हे त्यामुळे सिद्ध झाले. पण याचा अर्थ कुणी असा लावू लागले की, ‘या लोकांना सवय आहे, त्यांना पस्तीसही चालते’, तर आम्ही तिथे उठून उभे राहू. ज्याला दुसरा मार्ग नाही तो चालते असेच म्हणतो. आठ तासांचा दिवस येण्यापूर्वी बारा तासांचीही माणसांना सवय होती. सवयीलाही मर्यादा असते. मे २०१० मध्ये अहमदाबादेत उष्णतेची लाट आली, तेव्हा त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू जास्त झाले, असे पुढील अभ्यासात निघाले. त्यानंतर २०१३ साली त्या शहराने उष्णतेविरुद्ध कृती आराखडा केला आणि गरीब वस्त्यांतील छते पांढरी करण्याचे कामही पुढे हाती घेतले.

आता कायद्याची स्थिती. संहिता ५०० चौरस मीटर व त्यावरच्या भूखंडांवरील घरबांधणीला आहे, आणि राज्याने व नगरपालिकेने आपल्या नियमांत घेतली तरच तिला दात येतात. २०२२ च्या दुरुस्तीने ऊर्जा संवर्धन कायद्यात राहत्या इमारतीही आल्या, परंतु १०० किलोवॅटच्या जोडभारापासून वर. ती मर्यादा खाली आणण्याची मोकळीक राज्यांना आहे. म्हणजे गल्लीतले दोन मजली घर, भाड्याची पत्र्याची खोली, जुनी चाळ, ही सारी बाहेरच. तेलंगण राज्याने २०२३ साली शीतल छतांचे धोरण काढून ६०० चौरस यार्ड व त्यावरच्या भूखंडांवरील घरांनाही असे छत सक्तीचे केले. एखादे राज्य मनावर घेईल तर काय होते याचा तो दाखला.

या सभागृहात बसलेल्यांपैकी कितीतरी जणांच्या इमारतींचा पुनर्विकास आज ना उद्या होणार आहे. सोसायटीच्या सभेत बहुतेक चर्चा वाढीव चौरस फुटांची, कॉर्पस निधीची आणि भाड्याची होते. होऊ द्या, आम्हीही तिथे भांडलो असतो. पण करारनाम्यात चार ओळी आणखी घाला. भिंत कशाची आणि तिचे यू-मूल्य किती, आर.ई.टी.व्ही. १५ च्या आत बसतो काय, हे वास्तुविशारदाकडून लेखी मागा. हिशेब तासाभराचा आहे. खिडक्यांचा उघडणारा भाग चटईक्षेत्राच्या कितवा हिस्सा, आणि तो सरकता पल्ला निम्मा धरून काढला की सगळा धरून, हे विचारा. पश्चिमेच्या खिडक्यांवरचा छज्जा नकाशात दाखवला आहे तो प्रत्यक्षात बांधतात काय, हे पाहा. एका वसाहतीत नकाशावरचे छज्जे इमारतीवर उतरलेच नाहीत, आणि ताबा घेऊन झाल्यावर आमच्या पत्रांना उत्तरही आले नाही. छत १.२ च्या आत बसवण्यासाठी कोणता थर घालणार तेही लिहून घ्या. नुसता पांढरा रंग द्यायचा असेल तर तो आतली उष्णता दोन ते पाच अंशांनी उतरवतो असा अनेक ठिकाणचा अनुभव आहे, पण धूळ बसली की त्याचा गुण उतरतो. दर दोन-तीन वर्षांनी तो पुन्हा द्यावा लागतो आणि मधूनमधून धुवावा लागतो. तो खर्च फक्त वरच्या मजल्यावरच्यांकडून न घेता सगळ्या सभासदांत वाटायचा, हे ताबा घेण्यापूर्वीच ठरावात लिहून ठेवा. नंतर खालच्या मजल्यांची बहुमते जमत नाहीत.